ती जाळी

फादर लेओन्स म्हणाले, तेलेस्फोर, हे काढायचंय.
रोमहून नवं पुस्तक आलंय,
पातळसं, करड्या पुठ्ठ्याचं,
त्यात प्रायश्चित्ताला आता
समेट म्हणायचं आहे.
जानेवारी होता. आखातावर बर्फाची साय,
होड्या पालथ्या.
मला काम हवंच होतं.

ते कपाट माझ्या बापानं केलेलं.
अक्रोडाचं सांगून बर्च वापरलेलं, वर रंग.
हे मला ठाऊक होतं,
आणि बहुधा एका मेलेल्या धर्मगुरूला.
कारण बापानं ते तिथंच,
त्याच बर्चवर गुडघे टेकून
सांगितलं असणार.

आधी जाळी सोडवली.
भोकांच्या कडा काळ्या, चिकट.
चाळीस वर्षांचा श्वास:
तंबाखू, कॉडचं तेल, ओली लोकर,
कुणाची तरी लवंग.
गुडघ्यांच्या फळीला दोन खळगे,
उजवा जरा खोल.
गाव एका अंगाला कलून गुडघे टेकतं
हे मला तोवर माहीत नव्हतं.

लहानपणी मी इथे आकडे द्यायचो.
खोटं बोललो, चार वेळा.
बहिणीला मारलं, तीनदा.
पलीकडून खोकला, तीन नमो मरिया,
आणि झडप सरकायची
रेशनच्या खिडकीसारखी.
हलकं वाटायचं, नाकारत नाही.
धावत धक्क्यापर्यंत जायचो.

कपाटाच्या जागी खोली झाली.
दोन खुर्च्या समोरासमोर, गालिचा, कुंडीत नेचा.
म्हातारी डेलिमा पहिल्याच शनिवारी आली.
बघितलं. खुर्ची उचलली
आणि भिंतीकडे तोंड करून बसली.
फादरांनी तिच्या अंबाड्याला पापक्षमा दिली.
बाकी कुणी फिरकलं नाही.
नेच्याला पाणी मीच घालायचो.

मग नाताळाआधी एक संध्याकाळ ठरली,
सगळ्यांनी एकदम यायची.
ज्याचं त्यानं मनात म्हणायचं,
फादर हात पसरून
साऱ्या गावावर एकदाच क्षमा म्हणणार.
चर्च कधी नाही इतकं भरलं.
कोळी, खाणीतले, घटस्फोटवाली मॅडलिन,
दारूच्या गुत्त्याचा मालक कोट घालून.
सगळे गप्प. अशी शांतता मी फक्त
होडी उलटल्यानंतर ऐकली आहे.

माझ्या शेजारी एझेब उभा राहिला.
दुसरीकडे जागाच नव्हती.
अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
एका ऑगस्टात, रात्री, धक्क्याखाली
बापाच्या सुरीनं...
ते मी कपाटात केव्हाच सांगून टाकलं होतं.
पाच नमो मरिया.
देवाचा हिशेब मिटला,
एझेबनं मात्र तो हंगाम
दुसऱ्याच्या होडीवर मजुरी केली.

बाहेर पायऱ्यांवर बर्फ भुरभुरत होतं.
मी म्हणालो, ती जाळी मी कापली.
तो हातमोजे चढवत होता.
म्हणाला, फादरांनीच सांगितलं ना तुला.
कुठे ठेवलीस?
घरी, मी म्हणालो. कारखान्यात.
बरं केलंस, तो म्हणाला,
आणि माझ्या खांद्यावरचं बर्फ झटकलं.

त्याला कळलं नाही,
की कळलं आणि त्यानं पोटात घातलं?
त्याच्या पोटात काय काय गेलं
ते त्याच्याबरोबर गेलं, पुढच्या मार्चमध्ये.

बरीच वर्षं ती संध्याकाळ चालली.
मग बिशपांचं पत्र आलं:
सामुदायिक पुरे, एकेकट्यानं यावं.
मॅडलिन पुन्हा आली नाही.
मी गेलो. नेचा प्लॅस्टिकचा झालाय.
समोर बेनिनहून आलेला तरुण फादर,
पायात दोन दोन मोजे.
सगळं ऐकून घेतलं त्यानं, आकडे न विचारता.
मग एवढंच, हळू आवाजात:
त्या माणसाला कधी सांगितलंत?

सांगितलं, मी म्हणालो.

आणि तसाच बसून राहिलो.
आता हेही धरायचं का, फादर?
खोटं बोललो, एकदा.
किंवा खरं.