आयर्विन पुलाखालची फूटपट्टी

हळदीची पोती हॅम्बुर्गला निघाली.
सत्तावीस देश, अर्ज एकच.
भूपाल मगदूम चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"हे काय प्रेमानं एकत्र आलेत होय?"

मग हरिपुरातली भिंत सांगितली.
त्यांच्या आणि चुलत्याच्या मधली,
वीस वर्षं कोर्टात.
पुलाखाली पाणी पन्नासाच्या वर गेलं त्या रात्री
दोघांनी मिळून पहारीनं फोडली.
म्हशी पलीकडच्या जोत्यावर,
चुलतीच्या हातचा भात
पहिल्यांदा यांच्या ताटात.

तिकडंही तसंच.
पूर्वेला तोफा वाजल्या,
गॅसची नळी कुणी पिळली,
समुद्रापलीकडच्या थोरल्यानं जकात चढवली,
की ब्रुसेल्समधल्या खुर्च्या
जरा जवळ सरकतात.

"आणि पाणी उतरल्यावर?"

ते दाभणात सुतळी ओवत राहिले.
"गाळ कुणी उपसायचा, यावरनं
महिनाभर बोलणं बंद.
भिंत मात्र परत उठली नाही.
विटा वाहून गेलेल्या,
नव्या आणायला
पहिला कुणी निघेना."

आजच्या पेपरात पातळी: अकरा फूट.
दारात चुलता उभा,
सामाईक मोटारीचं बिल घेऊन,
आवाज चढवायच्या तयारीत.
मगदूमांनी न बघताच
त्याच्यासाठी खुर्ची ओढली.