कलम २४४-अ

पाळंदे सीए, टिळक रोड, दुसरा मजला,
जिन्यात डिंकाचा वास.
"२६ एएस काढलाय. बघा,
सगळं ओळखीचं वाटतंय का?"

वाटत नव्हतं.
गेल्या जूनमध्ये कुण्या पंप कंपनीनं
माझ्या नावावर कापलेले तीन हजार चारशे.
मग आठवलं: भोसरीची ती जाडजूड माहितीपुस्तिका,
'इंपेलर'ला मराठी शब्द शोधत जागलेली रात्र,
आणि पहाटे फोनवर तू,
की आता नकोच.

सरकारी कागदावर रडू नये
म्हणून पंख्याकडे बघत राहिले.
पाळंदे म्हणाले, "चहा सांगू?"

परतावा आला ऑक्टोबरात,
धनकवडीच्या बसमध्ये मेसेज वाजला:
तीन हजार पाचशे एकोणीस.
त्यातले एकशे एकोणीस व्याजाचे.

म्हणजे माझं होतं ते ठेवून घेतलं,
उशिरा दिलं,
आणि उशीर झाला म्हणून वर काही दिलं,
न मागता.

असं कुणी करतं
हे मला माहीत नव्हतं.

दोन स्टॉप आधीच उतरले.
एकशे एकोणीसची सीताफळं घेतली,
ओट्याशी उभ्यानंच खाल्ली, सगळी.
बिया मोजल्या नाहीत.