तिसरी पिशवी

मे महिना. कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत,
लातुरात नळ नवव्या दिवशी,
आणि माझ्या फ्रिजमध्ये बी निगेटिव्हच्या तीनच पिशव्या.
तिन्हींवर चिठ्ठी चिकटवली:
तनुजा नागनाथ भोसगे, वय साडेचार, वजन अकरा किलो.
हृदयाच्या पडद्याला जन्मतः भोक, फुप्फुसाची वाट अरुंद.
रडली की नखं जांभळाच्या रंगाची.

अकरा किलोत रक्त किती?
लिटरही नाही.
आमच्या माठावर पालथा असतो तो तांब्या जास्त धरतो.

भूलतज्ज्ञ उस्तुरगे मॅडम सकाळी खिडकीशी आल्या,
"तीन ठेवा. औषध चालू करतेय, बघू."
हातात काचेची बोटभर कुपी,
आत पाण्यासारखंच काहीतरी.

बाकावर बाप. मांजराच्या उजव्या कालव्यावर पाटकरी.
"त्या औषिदानं रगत घट्ट व्हतंय का, ताई?"
नाही म्हटलं. गोठायचं ते रक्तच गोठतं.
पण यंत्राच्या नळ्यांतून फिरून आलं की बावचळतं,
स्वतः धरलेली गाठ
स्वतःच विरघळवत सुटतं.
औषध गाठीला तेवढं टिकवतं.

तो थोडा वेळ फरशीकडे बघत राहिला.
"म्हंजे दांड फुटला की बोळा लावला,
अन् पान्याला तो धुऊ दिला न्हाई."
आठ वर्षं मी हे शिकाऊ पोरांना सांगते.
फळा भरतो, पोरं जांभया देतात.

पहिली पिशवी दहाला गेली, यंत्र भरायलाच.
दुसरी साडेबाराला.
मग फोन गप्प.
या खोलीत फोन गप्प असण्याचे दोन अर्थ असतात.
गेल्या साली मुरुडच्या एका पोराला सात पिशव्या लागल्या,
आठवी मागायला कोणी फोन केलाच नाही.
मी थर्मामीटर बघितला. चार अंश.
पुन्हा बघितला.

बाळंतकक्षातून मात्र दोनदा विचारणा:
बी निगेटिव्ह आहे का?
दोनदा म्हटलं, आहे, पण राखून ठेवलीय.
दुसऱ्यांदा बोलताना
माझाच आवाज मला रेशन दुकानदाराचा वाटला.

सव्वाचारला मॅडम. मास्क गळ्यात, कपाळावर टोपीचा वळ.
"नळीत तासाभरात दोन चमचे. कोरडी आहे छाती.
तिसरी सोडा."

चिठ्ठी नीट निघेना.
'तनु' एवढं चिकटूनच राहिलं,
त्याच्यावर दुसरी लावली:
शाहीन पठाण, रेणापूर, पहिलं बाळंतपण.
वॉर्डबॉय पळाला. चप्पल इथेच दारात राहिली त्याची.

संध्याकाळी बाप हिशेब विचारायला आला.
किती लागल्या? दोन.
अन् तिसरी?
नाव सांगायचं नसतं. म्हटलं, दुसरीकडे लागली कामी.
त्यानं खिशातून तंबाखूची पुडी काढली,
भिंतीवरची पाटी वाचून परत ठेवली.
"मंग टेलला पोचलं म्हना पानी,"
म्हणाला, आणि जिन्याकडे गेला,
वर, काचेतून बघायला
नखांचा रंग.