वाळवीनं खाल्लेली तारीख

शाळेच्या दारापाशी काळा फळा आहे,
त्यावर पांढऱ्या रंगात कायमचं लिहिलंय: आजचा दिनविशेष.
खालचं रोज नवं. हजेरीच्या क्रमांकानं पाळी येते.
काल सहा, आज सात,
आणि सात म्हणजे मी.

काम तसं सोपं. कपाटातलं जाड पुस्तक काढायचं,
तारीख शोधायची, बघून उतरवायचं:
कोण जन्मलं, कोण वारलं,
कुठल्या देशानं कुठल्या देशाशी तह केला,
कोण पहिल्यांदा विमानातून उडालं.
जांबोटीच्या अलीकडं, आमच्या गावात
त्यातलं काहीच कधी घडलेलं नाही.

पुस्तक उघडलं तर मांडीवर भुसा सांडला.
दहा मार्च अर्धा शिल्लक,
अकरा मार्चच्या जागी भोक,
भोकातून दिसत होता थेट एप्रिल.
वाळवी!
एवढे राजे, एवढ्या लढाया खाल्ल्या,
वर ढेकरसुद्धा नाही.

बिर्जे सर म्हणाले, "पुस्तकात नाही, तर गावात विचार.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ आहे."

गिरणीवरची निलव्वा म्हणाली, "अकरा मार्च? काय की गे.
माझी म्हैस शिमग्याच्या आदल्या रात्री व्याली,
तारीख कुणी बघितली?"
खानापूरच्या बसचे कंडक्टर म्हणाले,
"ह्याच वळणावर अस्वल आडवं आलं होतं.
खरं तो जून होता."
भट्टीवरच्या कल्लाप्पानं कौलं मोजता मोजता मान हलवली,
आणि माझ्यामुळं चुकला, परत एकपासून सुरू झाला.

सगळ्यांना सगळं आठवत होतं.
तारीख तेवढी कुणालाच नाही.

दमले. विहिरीवर गेले पाणी प्यायला.
कठड्यावर कोपर टेकलं, तिथं काहीतरी टोचलं.
नखानं शेवाळ खरवडलं, तर सिमेंटात आकडे:
शून्य, शून्य, आडवी रेघ, तीन.

शून्य तारीख? अशी कुठं तारीख असते का!

पुन्हा बोट फिरवलं.
शून्य पुरतं मिटलेलं नव्हतं,
खाली जरासं उघडं होतं, फाकलेल्या बांगडीसारखं.
आणि माझ्या कन्नडच्या वहीत
अस्साच तर असतो एक!
एक, एक. अकरा. तीन म्हणजे मार्च.
मी विहिरीत तोंड घालून ओरडले, "अकरा मार्च!"
विहीर म्हणाली, "मार्च... आर्च... र्च..."

पलीकडं भावकाण्णा गुरव दोर वळत बसले होते.
"ते हणमंताचं," ते म्हणाले. "बैलहोंगलकडचा वड्डर.
मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं.
त्याला मराठी येईना, आम्हाला कन्नड.
तेवीस दिवस खणलं, नुसता खडक.
गाव म्हणालं, पुरे बाबा, सोड.
त्यानं एक बोट वर केलं: 'इन्नोंदु दिन.'
आणखी एक दिवस.
दुसऱ्या दिवशी दुपारी खालून आवाज आला,
कुणी हसल्यासारखा.
पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला...
दोर ओढून त्याला वर काढला, कुदळ राहिली खालीच.
पुढं कठडा बांधला, तेव्हा ओल्या सिमेंटात
पाणी लागलं तो दिवस लिहून गेला."
"साल कुठलं?"
"साल? मी तुझ्याएवढा होतो की गे."

मी फळ्यावर लिहिलं:
११ मार्च. या दिवशी आपल्या विहीरीला पाणी लागले.
खणणारा हणमंता. त्याची कुदळ अजून खाली आहे.

सर आले. बराच वेळ वाचत राहिले.
मग डस्टर उचललं. माझ्या पोटात गोळा.
त्यांनी 'विहीरीला'मधली पहिली वेलांटी पुसली,
ऱ्हस्व केली,
हात झटकले आणि गेले.

सुट्टीत विहिरीवर ही गर्दी!
पाणी प्यायच्या आधी जो तो वाकून बघतोय,
कुदळ दिसते का.

फक्त क्रमांक आठ, मष्णू,
अजून कपाटापाशीच उभा आहे.
हातात पुस्तक, पायांवर भुसा.
वाळवीनं बारा मार्चही खाल्लाय.