चोडणच्या फेरीबोटीत

"मूळ खेळाची सर नाही," इनास म्हणतो,
"तिथं अख्खा खंड होता, इथं अडीच बेटं,
आणि ड्रॅगन? कोंबड्याएवढा."

दत्तेशचा राग एवढाच:
वैदीण मेली की मेलीच,
चाल मागे घेता येत नाही.

मी गप्प. कन्सोल माझ्या हातात,
बॅटरी नऊ टक्के,
रायबंदर मागे सुटलेलं,
पुलावर तीन भालाईत.

मूळ खेळात हा नावाडी एकदाच दिसायचा,
नाणं घ्यायचा, संपला.
इथं त्याला नाव आहे, गुडघेदुखी आहे,
एका चालीत एकच घर सरकतो.

"कंटाळा रे," दोघंही म्हणतात.
आजचं पहिलं एकमत.

दोर घेऊन उभा खलाशी
केव्हापासून माझ्या खांद्यावरून बघतोय.
"बरो आसा," म्हणतो,
"पूण वल्हें उरफाटें धरलां ताणें."