शेरा

अडावद सोडलं की धानोऱ्यापर्यंत
दोन्ही अंगांना केळी.
एका मापाची, एका वयाची, एकाच रोपवाटिकेतून आलेली,
बुंध्याशी ठिबकची काळी नळी
आणि जमीन अशी, की ओल्या फडक्यानं पुसून घेतली.
तणनाशकाचा वास उन्हात गोडसर येतो.

डांबर संपतं तिथपासून केळीच्या तारेपर्यंत
मधे उरतं दीड मीटर.
ते कुणाच्या सातबाऱ्यावर नाही.
माझ्या वहीत आहे:
बाजूपट्टी, गवतकापणी, दिवाळीपूर्वी,
लांबी गुणिले रुंदी.

मी टेपचं एक टोक धरते, दुसरं उखर्डू.
आमच्या गँगमधला शेवटचा कायम मजूर,
मार्चअखेर सुटणार.
पुढे ठेकेदाराची पोरं, खांद्याला ब्रशकटर.
नायलॉनची दोरी फिरली की हिरवा धूर उडतो
आणि धुरात काहीतरी तडतडतं,
खापरात लाह्या फुटाव्यात तसं.
"नाकतोडे," उखर्डू म्हणतो.
मी आकडा लिहिते.

चौदाच्या दगडाशी तो टेप सोडून खाली बसतो.
दगडावर, ४ च्या पोटात,
कुंभारीण माशीनं मडकं घडवलंय
वाटाण्याएवढं, गळ्यासकट.
पलीकडच्या कपाशीतली हिरवी अळी
ती आत कोंबते आहे,
अळी तिच्याहून लांब.
आम्ही दोघं सरकारी माणसं
दहा मिनिटं एका माशीचं काम बघतो.

मग दिसायला लागतं.
मारवेल, पवन्या, पायजम्याला टोचलेली कुसळी,
वाळत आलेला टाकळा आणि त्याच्यावर
नखाएवढी पिवळी फुलपाखरं.
रुईच्या पानाखाली पट्ट्यापट्ट्यांचा सुरवंट,
चिकाला न भिता जेवणारा.
काडीसारखी काडी, ती चालते.
केळीनं भरलेला ट्रक दिल्लीकडे जातो,
सगळं गवत तारेपर्यंत आडवं होतं
आणि जो तो आपापली काडी धरून राहतो
ट्रक जाईपर्यंत.
तारेच्या आत एवढ्या पानांत
एक मुंगीसुद्धा मला सापडली नाही.
कदाचित मी नीट पाहिलं नसेल.

"माझ्या आधी तीन गेले," उखर्डू म्हणाला,
विषय नसताना.
"मी झालो तसं आईनं उकिरड्यावर टाकलं.
मावशीनं उचललं, आणि सुपलीभर दादर घेऊन
आईला परत विकलं.
नाकही टोचलं. मरणाला वाटावं
कचरा आहे, कुणी पोर नाही."
त्यानं नाकपुडी वळवून दाखवली.
भोक बुजत आलेलं,
पण आहे.

ब्रशकटरचा आवाज जवळ येत होता.
मला फुलपाखरांची नावं येत नाहीत,
आणि वरच्या साहेबांना सांगण्यासारखं
माझ्याकडे काही नव्हतं.
'जैवविविधता' लिहिलं असतं तर
पाहणीला जीप आली असती,
मग फलक, मग फलकाभोवती फरशी.
"नाव वंगाय ठेवा, मॅडम," उखर्डू म्हणाला,
"जगी जाई. कोन्ही देखत नही, म्हनीसन जगस."

चौदाच्या दगडापासून पुढे सहाशे मीटर,
गुणिले दीड, नऊशे चौरस मीटर वजा.
शेऱ्याच्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला,
आणि सही केली.

ठेकेदाराचा पोरगा वही वाचून
इकडंतिकडं बघत राहिला.
"उकिरडा कुठंय?"
उखर्डूनं हात वर केला,
शाळेत हजेरी देतात तसा.

पोरांनी मशीन टेम्पोत टाकली.
कुंभारीण परत आली होती,
तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन,
मडक्याचं तोंड लिंपायला.
टेप गुंडाळताना त्याच्या पोलादी पातीवर
एक नाकतोडा बसून आला,
शून्यापाशी,
आणि उडाला.