पश्चिमेला जिना

नकाशावर पहिली रेघ मारायच्या आधी
पंधरा दिवस मी नुसती प्लॉटवर बसले,
ऐरोलीत, खाडीच्या अंगाला,
उदबत्तीचा पुडा घेऊन.
चौकीदार जोमा मढवींना वाटलं, भूमिपूजन आहे.
म्हटलं, धूर कुठे जातो ते बघतेय.
ते हसले.
"धुराला काय इचारतंस बाय?
दुपारचा वारा खारीवरशी येतं,
रातचा डोंगरावरशी."
पुडा संपेपर्यंत उदबत्तीही तेच सांगत होती.

मग इमारत मी सतरा अंश वळवली.

समितीला काच हवी होती.
समोरच्या आयटी पार्ककडे बोट करून
खजिनदार सबनीस म्हणाले, तसं काहीतरी चकाचक.
मी सूर्याचे कोन दाखवले, तापमानाचे तक्ते मांडले.
चहा आला,
तक्त्यांवर बिस्किटांच्या ताटल्या आल्या.
शेवटी काच हरली ती भावात,
तत्त्वात नाही.

एक गोष्ट तिथे बोलले नाही:
नागपूरला शिकताना माझी खोली
तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून.
एप्रिलात रात्री दोन वाजता भिंतीला हात लावला
तर ताप आलेल्या माणसाचं कपाळ.
बादलीत पाय सोडून मी स्ट्रक्चरचा अभ्यास केला
आणि नापास झाले.

म्हणून पश्चिमेला जिना.
जिन्याला लागून न्हाणीघरं, ट्रंकांची खोली, इस्त्रीचं टेबल,
ज्याला ऊन सोसतं ते सगळं तिकडे.
अभ्यास करणाऱ्या पोरी उत्तरेला नि दक्षिणेला.
दक्षिणेचा छज्जा अडीच फुटी,
उत्तरेलाही एक लहानसा, कारण मेच्या मध्यानंतर
सूर्य आपल्या डोक्यावरून पलीकडे उतरतो
आणि मागच्या दाराने घरात शिरू बघतो.
राखेच्या विटांची दुहेरी भिंत, मधे दोन इंच हवा.
हवेचे पैसे पडत नाहीत, हे सबनिसांना फार आवडलं.
मधे उभा चौक, गरम वाऱ्याला वर जायला वाट,
गच्चीवर फुटक्या पांढऱ्या लाद्या,
प्रत्येक दारावर लाकडी झडप.

डासांचा विचार मी केला नव्हता.
दोनशे पावलांवर खाडी, आणि डासांचा विचार नाही!
जाळ्या बसल्या, निम्मा वारा बाहेरच राहिला.
झडपांवर रेक्टरबाईंनी पुठ्ठे ठोकले,
दहानंतर कोण जागं आहे ते उजेड सांगतो म्हणून, 
की उजेड शेजारणीला झोपू देत नाही म्हणून,
दोन्ही कारणं मला सांगितली गेली.
तेही तीन उन्हाळ्यांनंतर,
गच्चीची गळती बघायला गेले तेव्हा.

दुसऱ्या मजल्यावर रोहिणी गावित, नवापूरची,
नर्सिंगचं दुसरं वर्ष.
तिच्या झडपेवर पुठ्ठा नव्हता.
"गादीखाली आहे मॅडम, तपासणीला लावते."
मी महापालिकेची बाई असं तिला वाटलं होतं,
तरी सांगितलं.
"आमच्या घराला कुडाच्या भिंती,
छपराखाली वीतभर फट सोडलेली.
इथं आले तर फट दिसली
आणि कोणी बुजवली तेपण दिसलं."
खोलीत पंखा होता. दोनवर फिरत होता.
मी भिंतीला पालथा हात लावला.
गार नव्हती.
पण कपाळही नव्हतं.

परतताना सहा वाजले होते, जिना उन्हाने पेटलेला.
पायरीपायरीवर एकेक मुलगी,
ओढणी डोक्यावर, फोन कानाला.
आई, भात झाला का. बकरीला काय झालं. पैसे नको पाठवू.
रेंज म्हणे फक्त इथेच येते.
मी कठडा धरला आणि सोडला, चटका बसला.
त्यांच्यामधून वाट काढत उतरले,
कोणी पाय आवरले, कोणी नाही.

खाली मढवी नव्हते, नवा पोरगा होता चौकीवर.
त्याच्या वहीच्या मागच्या पानावर
उभ्या उभ्या एक आडवी फळी काढली,
जिन्याच्या वळणावर, बसायला,
आणि तिच्यावर सावली पडेल असं काहीतरी.
पान फाडून घेतलं तर म्हणाला,
मॅडम, सही राहिली.